निळा मणी, काळा दोरा, कथलाचे गोट

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले की मुले सरळ त्या समुद्रदेवाच्या मूर्तीपुढे जाऊन उभी राहतात. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची ही छोटी ब्राँझमूर्ती. पंचगंगेच्या काठी रोमन जगातला देव कसा आला, हा प्रश्नच मोठा आकर्षक आहे, आणि आम्ही शिक्षक मंडळीही तो रंगवून सांगतो. सातवाहनांचा व्यापार, पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे, घाटवाटा, रोमन नाणी. मुलांच्या वह्या भरतात.

गेल्या खेपेला मात्र एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. ब्रह्मपुरीत मणी आणि बांगड्यांचे तुकडेही पुष्कळ निघाले, असे मी सहज बोलून गेलो होतो. ती म्हणाली, "सर, ते मणी आमच्यातल्या बायका घालत होत्या का?"

मी गप्प राहिलो. पोसायडनबद्दल मी अर्धा तास बोललो होतो. मण्यांबद्दल माझ्याजवळ एक वाक्य होते. हा लेख त्या प्रश्नाच्या निमित्ताने लिहीत आहे.

ब्रह्मपुरीचे शास्त्रशुद्ध उत्खनन १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने झाले. ह. धी. सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित या दोघांनी ते केले आणि १९५२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. खालचे थर सातवाहनकाळाचे, वरचे बहामनीकाळाचे. वरच्या थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडले. दीक्षितांनी पुढे आयुष्यभर मणी आणि काच या विषयाचा ध्यास घेतला. भारतीय काचेच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १९६९ साली मुंबई विद्यापीठाने काढले. राजांच्या वंशावळी लावण्यात आपले इतिहाससंशोधन गुंतलेले असताना एक माणूस फुटक्या बांगड्यांचे तुकडे मोजत बसला होता, याचे मला फार अप्रूप वाटते. राजाचे नाव ताम्रपटावर असते. बाईचे नाव कुठेच नसते. तिची बांगडी तेवढी मातीत राहते.

पण मणी ही नुसती वस्तू नव्हे. मणी कशाचा आहे, कोणी घातला, कोणाला घालू दिला नाही आणि कोणाला सक्तीने घालायला लावला, या चार प्रश्नांतच समाजाची सगळी रचना येते. हे नीट समजण्यासाठी थोडे दूर, नाईलच्या काठी जावे लागेल.

प्राचीन इजिप्तमध्ये एक निळसर-हिरवा, चकचकीत पदार्थ होता. युरोपीय अभ्यासक त्याला फायान्स म्हणतात. हे नाव चुकीचे आहे. इटलीतल्या फाएन्झा गावच्या झिलईच्या भांड्यांवरून ते इजिप्तच्या वस्तूला चिकटवले गेले, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. दुसऱ्याने दिलेले नाव अंगावर वागवणे म्हणजे काय असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. इजिप्तचे लोक स्वतः त्याला 'त्येहेनेत' म्हणत. चमकणारे, झळाळणारे, असा त्याचा अर्थ.

ही वस्तू मातीची नाही आणि रत्नाचीही नाही. गारगोटी किंवा वाळू कुटून बारीक करायची, तिच्यात थोडा चुना आणि नॅट्रॉन नावाचा खार घालायचा. नॅट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराचा भाऊच. रंगासाठी तांबे. पाण्यात कालवून मण्याचा, ताइताचा आकार द्यायचा आणि वाळवायचे. वाळताना आतला खार पृष्ठभागावर येतो. जुन्या घराच्या ओल्या भिंतीला लोणा लागतो, तसाच. भट्टीत आठशे-नऊशे अंशांच्या आचेत हाच लोणा वितळतो आणि त्याची निळी काचेरी झिलई होते. म्हणजे चमक बाहेरून लावलेली नसते, ती वस्तूच्या पोटातून येते. झिलई वरून लावण्याची पद्धतही होती, आणि खाराच्या भुकटीत मणी पुरून भाजण्याची तिसरी पद्धतही होती. ही तिसरी पद्धत इराणमधील कोम शहरात विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. तिथे गाढवांच्या गळ्यात बांधायचे निळे मणी तसे भाजत. १९६०च्या दशकात अभ्यासकांनी त्या कारागिरांच्या शेजारी बसून ती पद्धत टिपून घेतली, तेव्हा कुठे पाच हजार वर्षांपूर्वीच्या काही मण्यांचे कोडे उलगडले. पंडितांनी ग्रंथांत शोधलेले उत्तर गाढवांचे मणी करणाऱ्याच्या हातात होते.

निळाच का? इजिप्तच्या लोकांना पिरोजा आणि राजावर्त हे दगड प्रिय होते. पिरोजा सिनाईच्या रखरखीत डोंगरांतून आणावा लागे. तिथे सेराबित-अल-खादिम येथे 'पिरोजाची स्वामिनी' म्हणून हाथोर देवीचे देऊळही उभारले होते. राजावर्त तर थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून जाई. दोन्ही दुर्मीळ. त्येहेनेतमध्ये तो रंग वाळूतून काढता आला. हिरवा-निळा म्हणजे नाईलचे पाणी, पपायरसचा कोवळा कोंब, पुन्हा उगवणे. मेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला ओसायरिस हिरव्या चेहऱ्याचा रंगवत. म्हणून जिवंतपणी मणी गळ्यात आणि मेल्यावर मण्यांची जाळी अंगावर. बाळंतिणीच्या आणि लेकरांच्या गळ्यात बेस नावाच्या बुटक्या, जीभ काढलेल्या देवाचा ताईत, नाही तर पाणघोड्याच्या रूपातल्या तावेरेतचा. शेणाचा गोळा ढकलणारा किडाही ताईत झाला, कारण सकाळचा सूर्य तसाच ढकलला जातो, अशी त्यांची कल्पना. एखाद्या समाजाने शेणातल्या किड्याला पवित्र मानावे, ही गोष्ट आपल्याकडच्या शुद्धाशुद्धतेच्या शास्त्राला पेलणारी नाही.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्या झेंड्याच्या निळ्या रंगाचा आणि इजिप्तच्या निळ्याचा काही संबंध नाही. तो जोडण्याचा मोह भाषणात होतो. इतिहासात तो टाळावा.)

आता मुद्द्याकडे येतो. आपल्या मराठीत दागिन्याला 'खरा' आणि 'खोटा' अशी दोन विशेषणे आहेत. सोन्याचा तो खरा, बाकी सगळे खोटे. बेन्टेक्सचे मंगळसूत्र घालून लग्नाला गेलेल्या बाईकडे दुसरी बाई ज्या नजरेने बघते, त्या नजरेत हा शब्द असतो. इजिप्तमध्येही मूळ दगड आणि भट्टीतला दगड यांत फरक करत. 'खरा राजावर्त' असा वेगळा शब्दप्रयोग त्यांच्या लेखांत येतो. पण भट्टीतला म्हणून तो हलका, असे दिसत नाही. सक्काऱ्याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या दालनांत जोसेर राजाने भिंतींना याच निळ्या फरशा हजारोंनी बसवल्या. त्याचा काळ इ. स. पू. २६५०च्या आसपासचा. म्हणजे राजाच्या मरणघराची भिंत आणि साध्या बाईच्या गळ्यातला मणी एकाच पदार्थाचे. अमार्ना येथे १८९१-९२ साली फ्लिंडर्स पेट्रीला अशा वस्तू पाडण्याचे मातीचे साचे हजारोंनी सापडले. पाकळ्या, फळे, अंगठ्या. या स्वस्त अंगठ्या उत्सवात वाटल्या जात असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

हे वाचून इजिप्तमध्ये समता होती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सोने राजाचे होते. तुतनखामेनच्या कबरीत १९२२ साली काय निघाले ते सर्वांना माहीत आहे. त्या काळच्या गरीब माणसाच्या खड्ड्यात दोन-चार मणी असले तर असले. आणि या निळ्या पदार्थाचीच एक वस्तू अशी आहे की ती पाहिल्यावर माझ्यासारख्याला हसावे की रडावे ते कळत नाही. तिचे नाव उशब्ती. वीतभर उंचीची, हातात कुदळ आणि पाठीला झोळी असलेली माणसाची बाहुली. उशब्ती म्हणजे हाकेला ओ देणारा. कल्पना अशी की मेल्यानंतर परलोकातही शेतीचे काम निघेल, पाटबंधाऱ्याचे काम निघेल, वाळू वाहून न्यावी लागेल. धन्याच्या नावाने पुकारा झाला की या बाहुलीने पुढे होऊन 'हजर' म्हणायचे आणि धन्याच्या जागी राबायचे. पुढे पुढे तर वर्षाच्या ३६५ दिवसांना ३६५ बाहुल्या आणि दर दहांमागे एक मुकादम अशा ३६, मिळून ४०१ असा संच ठरून गेला. मुकादमाच्या हातात चाबूक. तुतनखामेनबरोबर अशा ४१३ होत्या.

मरणानंतरही वेठ चुकत नाही आणि ती दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याची सोय श्रीमंताला मेल्यानंतरही असते. महारकी ज्यांच्या घरात होती त्यांना उशब्ती समजावून सांगावी लागत नाही. येसकराला हाक आली की घास टाकून उठायचे. फरक इतकाच की इजिप्तच्या धन्याने त्यासाठी वाळूची बाहुली केली, आणि आपल्याकडे त्या कामाला जिवंत माणसे जन्मापासून नेमलेली होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडून जमिनी रयताव्याने वतनदारांच्या नावे केल्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल आणले, ते मंजूर झाले नाही. मुंबई राज्यातली कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने गेली ती १९५८ साली. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

आणि त्याच इजिप्तमध्ये, राजांच्या कबरी कोरणाऱ्या देर-अल-मदिना गावच्या कारागिरांनी, तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ११५७च्या सुमारास, धान्याचा शिधा थकला म्हणून हत्यारे खाली ठेवली आणि देवळांच्या आवारात जाऊन बसले. जगातल्या नोंदलेल्या संपांपैकी हा पहिला. तुरिनच्या संग्रहालयातील पपायरसवर त्याची हकीगत आहे. बाहुली 'हजर' म्हणते. माणूस कधी तरी 'नाही' म्हणतो.

भारतातही फायान्स होते. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी त्याचे मणी आणि बांगड्या केल्या, शंखाच्या बांगड्यांच्या बरोबरीने वापरल्या. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन गावांत लाल अकीकाचे, तांब्याचे, भाजलेल्या मातीचे मणी मिळतात. नेवाशाला एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तांब्याच्या गंजामुळे तिचा दोराही टिकून राहिला होता. कोण्या आईने ती माळ ओवली असेल. या थरांत संपत्तीचे भेद दिसतात, पण अमुक धातू अमुक जन्माच्या माणसाने घालायचा नाही, अशी खूण मातीत मिळत नाही.

ती खूण ग्रंथात मिळते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांतून खावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावी आणि दागिने लोखंडाचे घालावेत, असे सांगितले आहे. दागिना घालू नये असे म्हटलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. लोखंडाचा घालावा, असे म्हटले आहे. दागिन्याची भूक माणसाला असतेच. ती मारण्यापेक्षा तिच्यावरच शिक्का मारणे व्यवस्थेला जास्त सोयीचे होते. इजिप्तच्या बाईचा मणी तिचे संकटापासून रक्षण करी. इथे मणी घालणाऱ्यापासून इतरांचे रक्षण करायचे होते.

पेशवाईत अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, म्हणजे चुकून विटाळ होणार नाही, असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी 'जातिभेदाचे निर्मूलन' या १९३६च्या प्रबंधात नोंदवले आहे. त्याच प्रबंधात १९२८ सालची इंदूरकडची हकीगत आहे. तिथल्या बलाई लोकांना सवर्णांनी ज्या अटी घातल्या त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, ही एक अट होती. तमिळनाडूत रामनाद जिल्ह्यात १९३० साली कळ्ळर जातीने आदिद्रविडांवर आठ बंद्या घातल्या, त्यांतही सोन्याचांदीच्या दागिन्यांची बंदी होतीच. मनू किती जुना, असे जे विचारतात त्यांनी हे इसवी सन पाहावेत.

महाराष्ट्रात लेखी बंदी सगळीकडे नव्हती, तिची गरजही नव्हती. दारिद्र्य आणि गावची नजर पुरेशी होती. कथलाचे गोट, पितळेच्या नाही तर चांदीच्या पाटल्या, गळ्यात गळाभर गळसऱ्या. लांबून येणारी बाई कोणत्या वाड्यातली, हे चेहरा दिसण्याआधी कळत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. तुमचे लुगडे नेसण्याची पद्धत आणि हे कोपरापर्यंतचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची निशाणी झाली आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी स्त्रिया घोट्यापर्यंत लुगडे नेसून आल्या. ग्रंथ जाळला गेला त्याचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. त्या ग्रंथाचे जे कलम बायकांच्या अंगावर होते, ते त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवले, त्याचा इतिहास तितक्या मोठ्याने सांगत नाही.

याच्या आधी बारा वर्षे केरळात हेच घडले होते. पुलया स्त्रियांना गळ्यात दगडी मण्यांच्या माळा, कल्लुमाला, घालाव्या लागत. ती गुलामीची खूण होती. १९१५ साली कोल्लमच्या सभेत अय्यनकाळींच्या सांगण्यावरून स्त्रियांनी त्या माळा काढून टाकल्या. त्यासाठी आधी रक्त सांडले होते, घरे जळाली होती. एका मण्याच्या माळेसाठी सवर्णांनी घरे जाळावीत, यावरून त्या माळेवर काय काय टांगलेले होते ते कळते.

मी हे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे की हे दागिने आपल्या बायकांची कला होती, आपले सौंदर्यशास्त्र होते, ते टाकून आपण सवर्ण मध्यमवर्गाचे अनुकरण केले. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आज शहरातल्या दुकानांत काळपट चांदीसारखे गोट आणि जाड गळसऱ्या 'आदिवासी' आणि 'लोककला' या नावाने विकल्या जातात, आणि ज्यांच्या आज्या सोन्याच्या साजात वावरल्या त्यांच्या नाती त्या हौसेने घालतात. त्यांच्या हातातले कथील ही निवड असते. आमच्या पणजीच्या हातातले कथील ही निवड नव्हती. वस्तू तीच, अर्थ उलटा. म्हणून मला वाटते की बाबासाहेबांचा विरोध कथलाला नव्हताच, कथील वाचणाऱ्या नजरेला होता. आज एखाद्या मुलीने आजीचे गोट अभिमानाने घातले तर ती महाडच्या विरोधात जात नाही. पण त्या गोटांमागची सक्ती पुसून नुसती नक्षी वाखाणणारा अभ्यासक मात्र जातो.

कोल्हापुरी साजाबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. तो भरीव सोन्याचा नसतो. पातळ पत्र्याची पाने आणि आत लाख भरलेली. त्या पानांत दहा अवतार आणि अष्टमंगल कोरलेली असतात. मत्स्य, कूर्म, वराह. म्हणजे इथेही ताईतच आहे, देवादिकांचे चिमुकले आकार गळ्याभोवती. खरे-खोटे पाहायला गेले तर तोही आतून लाखेचाच. पण गुजरीत त्याला कोणी खोटा म्हणत नाही. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचे पैंजण घडतात, त्यांच्या कड्या घरोघरी बसून बायका जुळवतात. त्यांच्या स्वतःच्या पायांत काय असते, हे जाणाऱ्याने पाहून यावे.

आता ज्या मण्यांबद्दल कोल्हापुरात बोलायलाच हवे, त्यांकडे येतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधतात. कानडीत मुत्तु म्हणतात, म्हणजे मोती. मोती बांधले की त्या मुलीचे लग्न देवाशी लागले आणि माणसाशी कधी लागणार नाही. केसात जट आली, घरात आजारपण आले, मुलगा होईना, की मणी बांधायचे. बेस देवाचा निळा ताईत आई लेकराच्या गळ्यात बांधी तो लेकराच्या जिवासाठी. इथे आई लेकीच्या गळ्यात मणी बांधी तो घराच्या जिवासाठी, आणि लेक त्याची किंमत. बांधल्या जाणाऱ्या मुली बहुतेक महार-मांग-चांभारांच्या असत. हा योगायोग आहे असे मानणाऱ्याने गावची पाटीलकी ज्या घरात होती, तिथल्या किती मुलींच्या गळ्यात मोती बांधले गेले ते शोधून सांगावे.

शाहू महाराजांनी १९२० साली संस्थानात जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर बोलले आणि हे जिणे सोडल्याशिवाय आमच्याबरोबर मानाने राहता येणार नाही, असे कठोरपणे म्हणाले. त्या कठोरपणाबद्दल आजही मतभेद आहेत. पोट कसे भरायचे, हा त्या बायकांचा प्रश्न खरा होता. १९७५ साली गडहिंग्लजला बाबा आढावांच्या पुढाकाराने देवदासींची परिषद झाली, तेव्हा तो प्रश्न पुनर्वसनाच्या मागणीच्या रूपाने त्या स्वतः मांडू लागल्या. कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५चा. शाहू महाराजांच्या कायद्यापासून पंच्याऐंशी वर्षांनी.

मणी बांधणे आणि मणी तोडणे, दोन्ही बाईच्याच अंगावर. बांगडी फुटली तर आपण 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो, इतकी त्या शब्दाची भीती. कारण बांगडी फोडतात ती नवरा मेल्यावर. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवेच्या बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे बंद केले आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे परिपत्रक काढले. या रूढीचा जाच उच्च जातींत सर्वांत कडक होता आणि पाटाची चाल असलेल्या आपल्या समाजांत तो पूर्वी पुष्कळ सैल होता. तो घट्ट झाला तो वरच्यांचे पाहून. विद्यार्थ्याचा अनुकरणाचा आक्षेप मला गोटांपेक्षा इथे जास्त खरा वाटतो.

ब्रह्मपुरीच्या त्या बांगड्यांचे तुकडे मी पुन्हा अहवालात पाहिले. काळ्या, पिवळ्या, हिरव्या, एकावर एक रंग चढवलेल्या. भट्टीपुढे बसून तापलेल्या काचेला रंगाची रेघ ओढणारा तो हात कोणाचा, हे अहवालाला सांगता येत नाही. घालणारीचेही सांगता येत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर टेकाडात नाही.

म्हणून आम्ही दुसरीकडून सुरुवात केली आहे. वर्गातल्या मुलामुलींना सांगितले की घरातल्या, वाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. तुमच्या आईच्या अंगावर काय होते, कशाचे होते, कोणाकडून घेतले, कासार वाड्यात येई की वेशीवर बसे, आणि ते दागिने पुढे गेले कुठे. एक जाड वही केली आहे. नावे उतरवून घेतो. गोट, वाळे, वाक्या, गळसरी, पोत, मासोळ्या, फुली. वस्तू जवळजवळ कोणाकडेच नाहीत. एका आजीला तिच्या आईच्या गोटांचे वजन तेवढे आठवत होते. दीक्षा घेतल्यावर ते भांडेवाल्याला दिले. त्याच्या बदल्यात एक पितळी तांब्या आला, आणि तो त्यांनी बाहेर आणून विद्यार्थ्यांना दाखवला.